डोंगराआडचे दोन मामा

सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. क्रांती चौगले स्वयंपाकघरामागच्या बोळात हात पसरून उभी होती आणि बायडाबाई तिच्या मानेमागची बकलं आवळत होती. बायडाबाई उद्यानातल्या खानावळीत भाकऱ्या थापते. तिच्या हाताचं पीठ गव्याच्या पोशाखाच्या काळ्या केसांना लागलं, तसं तिनं ते पदरानं झटकलं.

"श्वास घ्यायला येतोय न्हवं?"

"येतोय."

"मग सुट आता. मामा झालीस."

डोकं एकदा चढलं की स्वतःचं नाव खाली ठेवायचं, असा इथला रिवाज आहे. उद्यानाखालच्या या भुयाराला वर झरोके आहेत आणि खालचा आवाज त्यांतून बाहेर जातो. झुडपाआडून कुणी 'ए क्रांती' म्हटलेलं एखाद्या पोरानं ऐकलं, तर शिंगाडेमामा संपले.

शिंगाडेमामा म्हणजे कोल्हापूरच्या वेशीबाहेरच्या या करमणूक उद्यानाचा गवा. डोक्याला लाल फेटा, गळ्यात घंटा, पोट सुटलेलं. फाटकावर त्यांची दोन मजली उंच शिंगं आहेत. कामगारांची बस रोज राजारामपुरीहून निघते आणि त्या शिंगांसमोरून न थांबता पुढं जाते. डोंगराला वळसा घालून, उसाच्या फडामधून ती पत्र्याच्या एका शेडपाशी उभी राहते. शेडवर पाटी नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला ते खताचं गोदाम वाटतं. आत गेलं की मोबाइल खणात, अंगावरचे कपडे खुंटीला, आणि मग उताराची वाट जमिनीखाली उतरते.

महिन्यापूर्वी, पहिल्या दिवशी, क्रांती त्या उतारावर मध्येच थांबली होती. दोन ट्रॅक्टर शेजारून जातील एवढं रुंद भुयार दिव्यांनी लख्ख उजळलेलं होतं. बर्फाच्या लाद्या घेऊन एक गाडी गेली, तिच्यामागून कचऱ्याची. मुकुट घातलेला एक राजा बाकावर बसून बशीतून चहा ओढत होता आणि त्याच्या शेजारी एक बाई हिरव्या मिरच्यांची देठं खुडत होती. डोक्यावर कुठंतरी ढोल चालला होता. छताची धूळ त्या तालावर खाली झरत होती. चार वाटा जिथं मिळतात त्या जागेला कामगार बिंदू चौक म्हणतात. जिथं पाणी झिरपून साचतं, तो रंकाळा.

तिला आत न्यायला हुसेनचाचा आला होता. हुसेन मुजावर, पन्नाशीचा, हाडकुळा, बोलायला आखडता. उद्यान सुरू झाल्यापासून तो मामा होतो.

"चाचा, हे सगळं डोंगराच्या पोटात खणलंय?"

"खणलंय कशाला? आधी हे बांधलं, मग वर माती टाकली."

"म्हणजे डोंगर आपल्या माणसांनी केलाय?"

"मग काय आपोआप उगवला?" म्हणून तो पुढं चालू लागला.

क्रांती राधानगरीकडची. घरी भात, थोडा ऊस, चार म्हशी. डोंगर ही आधीपासून असलेली गोष्ट, असं ती सव्वीस वर्षं धरून चालली होती. त्या दिवशी बस शेडपासून निघाल्यावर तिनं मागं वळून तो डोंगर दिसेनासा होईपर्यंत पाहिला.

मामांचे पोशाख दोन आहेत. डोंगराच्या अलीकडे तळं, पलीकडे जंगल; एक मामा इकडं, एक तिकडं. नियम एकच: दोन मामा एका नजरेत येता कामा नयेत. दिवाळीच्या सुट्टीत ते एकदा आले होते. आइस्क्रीमच्या गाड्यापाशी एक पोर किंचाळलं आणि मोबाइलवर ते जिल्हाभर फिरलं. चूक ज्याची होती त्याच्याकडून संध्याकाळी डोकं काढून घेतलं गेलं. तीच रिकामी जागा क्रांतीला मिळाली, आणि आज ती प्रथमच एकटी बाहेर पडत होती. जमलं तर कायम, नाही तर पुन्हा म्हशी.

डोकं घातलेल्या माणसाला फक्त मामांच्या तोंडाच्या फटीतून, तेही समोरच्या अरुंद पट्टीपुरतं, दिसतं. म्हणून भुयाराच्या भिंतीला कमरेच्या उंचीवर एक दोर बांधला आहे. कामगार त्याला दावं म्हणतात. वर उघडणारे दरवाजे पाच, म्हणून दाव्याला गाठी पाच. दावं धरून चालायचं, गाठी मोजायच्या, आपल्या गाठीशी वळून जिना चढायचा. क्रांतीला दुसऱ्या दरवाजानं तळ्याकाठी जायचं होतं. महिनाभर तिनं डोळे मिटून त्याचा सराव केला होता. पण तो रोज कपडेखोलीकडून. आज रंकाळा तुंबला होता, कपडेखोलीकडची वाट बंद होती, म्हणून सगळ्यांना स्वयंपाकघराच्या बाजूनं सोडत होते.

तिनं दावं धरलं. पहिली गाठ. दुसरी गाठ. ती वळली, जिना चढली आणि खांद्यानं दार ढकललं. दाव्याच्या दुसऱ्या टोकाकडून मोजली तर दुसरी गाठ ही चौथ्या दरवाजाची असते, हे तिच्या ध्यानात आलं ते दार मागं खट्कन मिटल्यावर. पाण्याचा आवाज नव्हता. जंगलातल्या पाखरांची ध्वनिफीत वाजत होती. बाहेरून ते दार म्हणजे कातळ, त्याला मूठ नाही. परतायची वाट बंद.

आणि समोर, बांबूच्या बेटापलीकडं, शाळेच्या पोरांच्या गराड्यात लाल फेटा हलत होता.

दरवाजापाशी फायबरचे पुतळे आहेत: सांबर, अस्वल, दोन गवे. क्रांती त्यांच्या ओळीत होती, एक पाय पुढं. ती तशीच थांबली. लहानपणी वडिलांबरोबर भाताच्या बांधावरून परतताना तिनं गवा पाहिला होता. पुढं कातळ आहे असं समजून ती चालत होती. वडिलांनी खांदा दाबला तेव्हा त्या कातळाला डोळे असल्याचं तिला दिसलं. एवढं मोठं जनावर, पण कानसुद्धा हलत नव्हता. क्रांती तशी उभी राहिली. गळ्यातली घंटा वाजू नये म्हणून श्वास पोटातच फिरवू लागली.

"आरं, मामांचा पुतळा!" एक पोरगं ओरडलं.

"मगाशी न्हवता की हितं."

"तुझं ध्यान कुठं हुतं मगाशी? वड्यात."

लाल फेटा वळला. हुसेननं तिला पाहिलं. क्षणभर तोही पुतळा झाला. मग तो झोकात पुढं आला, कमरेवर हात ठेवून तिच्यासमोर उभा राहिला आणि आरशात पाहावं तसं तिच्याकडं पाहत आपला फेटा नीट करू लागला. पोरं फिदीफिदी हसली. त्यानं मान डावीकडं झुकवली, उजवीकडं झुकवली. आरसा हलेना, तसा तो चिडला. पाय आपटले, बोट नाचवलं. तिच्या पोटाशी आपलं पोट लावून मापून पाहिलं आणि आपलं थोरलं निघाल्यावर दोन्ही हात वर करून नाचला. आता मोठी माणसंही हसत होती. फटीतून क्रांतीला तो तुकड्यातुकड्यांनी दिसत होता: एक खूर, फेट्याचा शेमला, डोलणारं पोट. डबा खाताना भिंतीकडं तोंड करून बसणारा, विचारलेल्याला अर्ध्या वाक्यात उत्तर देणारा माणूस यात कुठंच नव्हता. तो गेला कुठं, हे तिला कळेना. ती हलली नाही, त्यात भीती निम्मी होती. उरलेल्या निम्म्यात ती बघतच राहिली होती.

एका पोरानं तिच्या हाताला हात लावला. "गरम हाय ह्यो!"

"उन्हात हाय, गरमच असणार," त्यांच्या बाई म्हणाल्या. "चला, फोटो काढा आणि निघा."

फोटो निघाले. मग हुसेननं ढोलाच्या तालावर पाठमोरं नाचत सगळा जमाव वळणाकडं ओढून नेला. जाताना त्यानं तिच्या हाताच्या खुरावर हात ठेवला आणि हलकेच दाबला.

बाकावर एक नऊवारीतली म्हातारी तेवढी उरली. ती बराच वेळ क्रांतीकडं पाहत होती.

"आमच्या शेतात येत्यात गवं," शेवटी ती पुतळ्याला म्हणाली. "दमलास व्हय रं लेकरा? आता कोण न्हाई हितं. जा तू. मी न्हाई बगत." आणि तिनं खरंच पाठ फिरवली.

क्रांतीनं कातळावर खुरानं थापा मारल्या. आतून झाडूवाल्यानं दार उघडलं.

डोकं उतरलं तेव्हा तिचे केस कपाळाला चिकटले होते. बायडाबाईनं तिला ताकाचा तांब्या दिला. दुपारी संयोगिता मॅडमनी दोघांना बोलावलं. पोशाखातल्या सगळ्यांच्या पाळ्या त्या लावतात. त्यांच्या खोलीत भिंतभर पडदे आहेत आणि उद्यानाचा कोपरा न् कोपरा त्यांवर दिसतो.

"मी चुकलो, मॅडम," क्रांती म्हणाली. बोलताना ती आपल्या भागातल्या बायकांसारखीच 'चुकलो' म्हणते. "गाठी उलट्या मोजल्या."

"पाहिलंय मी."

"डोकं ठेवून जाऊ?"

"दोन मामा दिसले म्हणून एकाचीही तक्रार नाही," मॅडम म्हणाल्या. "फाटकावर तिघांनी विचारलं, मामांचा पुतळा कुठं हलवला? पोराचा फोटो राहिलाय म्हणाले. त्यांना काय सांगू मी?"

"धुवायला नेलाय म्हणून सांगा," हुसेन म्हणाला.

मॅडम हसल्या नाहीत, पण त्यांनी पाळीच्या फळ्यावरचं क्रांतीचं नाव पुसलंही नाही. "ते दावं नीट करून घ्या," एवढंच म्हणाल्या. "दोन्हीकडून कळेल असं."

फाटक बंद झाल्यावर दोघं भुयारात दाव्यापाशी बसले. जनावराच्या गळ्यात बांधतात तसल्या मोठ्या कवड्या हुसेननं बाजारातून मागवल्या होत्या. पहिल्या गाठीला एक, दुसरीला दोन, अशा ते ओवत गेले. क्रांती खुराचे हातमोजे चढवून एकेक गाठ चाचपून बघत होती.

"चाचा, ते पोट मापायचं तुम्हाला कसं सुचलं?"

"पोट सुटलंयच की तुझं."

"माझं? मामांचं!"

"मग मामांचं म्हण," हुसेन म्हणाला आणि पुढची गाठ ओवायला त्यानं भिंतीकडं तोंड केलं.

फळ्यावर उद्याची पाळी लागली आहे. सकाळी दहा, पहिला मामा: क्रांती चौगले. दरवाजा दुसरा, तळ्याकाठी. गाठीला कवड्या दोन.