तुमच्या गेटवर म्हैस आली आहे

आमच्या घरात बातम्या बघायला बंदी होती, आणि ती फक्त मला होती.

बाकीच्यांनी खुशाल बघाव्यात. आमचे मालक (म्हणजे यजमान, घराची मालकी कुणाकडे आहे ते पुढे कळेलच) बातम्या लागल्या की पाच मिनिटांत घोरायला लागतात. मुलगा संजू हिंजवडीत कंपनीची कॅब चालवतो, तो फक्त कुठे गाड्या तुंबल्यात तेवढं बघतो. सून रेश्मा सगळं मोबाइलवर बघते आणि मनात ठेवते. पण रिमोट माझ्या हातात दिसला की तिघंही तो काढून घ्यायला धावतात! कारण लोक बातमी ऐकतात आणि सोडून देतात. मी बातमी ऐकली की धंदा काढते.

आता एकदा लिंबाचे भाव आभाळाला टेकले असं टीव्हीवर सांगितलं. दुसऱ्याच दिवशी मी बांधावर लिंबाची रोपं लावली. रोपाला लिंबू धरायला वर्षं जातात हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. जन्म शेतात गेला माझा! पण भाव ऐकला की माझं डोकं एकीकडे आणि पाय दुसरीकडे. नंतर आखाडात कोंबडीचा भाव कडाडला म्हणून कोंबड्या आणल्या. कोंबड्या टेम्पोतून दारात उतरल्या आणि श्रावण लागला! महिनाभर त्या आमचे दाणे खायच्या आणि आमच्याच तोंडाकडे बघत बसायच्या.

त्या दिवशी संजूने रिमोट कपाटावर ठेवला. "आई, बास. आता तुला फक्त हवामान बघायचं."

एवढ्यावर निभावलं असतं, पण मग गोष्ट आली आमच्या म्हशींवर. गोठ्यात दोन म्हशी, एक भादी आणि दुसरी शेवंती. डेअरीचा रोज रेश्माच्या मोबाइलवर मेसेज यायचा आणि रोज दुधाचा दर एक पायरी खाली उतरायचा. सरकी पेंडीचं पोतं मात्र एक पायरी वर. संजूने एका संध्याकाळी चप्पल काढता काढताच सांगून टाकलं, "रविवारी बापू व्यापारी येतोय. दोनीबी म्हशी दिऊन टाकू."

"आन् गोठ्याचं काय?"

"दोन खोल्या काढू. भाडं तरी येतं. खोल्या पेंड खात न्हाईत."

आमच्या नांदे गावात आता ज्याच्या त्याच्या गोठ्याच्या खोल्या झाल्यात, हे खरं. पण शेवंती माझ्या हातावर वाढलेली. ती ज्या कोपऱ्यात उभी राहते तिथे कुणीतरी परका पोरगा गादी टाकून मोबाइल बघत पडणार, हे काही माझ्या नजरेपुढे येईना. मी मालकांकडे बघितलं. मालक घोरत होते.

आणि त्याच आठवड्यात देव पावला. दुधातल्या भेसळीची बातमी आली! कुठेतरी लांब, कुणाच्या तरी गोदामात धाड पडली. टीव्हीवर पांढऱ्या फेसाचं पिंप, मागे ढाणढाण वाजणारं संगीत, आणि सारखं सारखं तेच पिंप. (मी कपाटावरून रिमोट कसा काढला ते विचारू नका. स्टूल मोडलं एवढंच सांगते.)

संजू म्हणाला, "बघ, दुधाचा धंदाच वाईट." मालक म्हणाले, "काय दिवस आले!" सगळ्यांनी बातमी ऐकली आणि ताटावर बसले.

मी रेश्माला गोठ्यात बोलावलं. आमच्या शेताच्या बांधाला लागून जो टॉवर उभा राहिलाय, त्यातल्या बायकांना ती रविवारी भाजी देते आणि त्यांच्या भाजीच्या ग्रुपवर आहे. म्हटलं, "रेश्मा, त्या बाया काय म्हनत्यात बघ."

तिने मोबाइल वर सरकवायला सुरुवात केली तो संपेचना. "आत्या, भाजीचं कुनी नावच काढत न्हाई! ही इचारतीया, तुम्ही कोणतं दूध घेता. ती म्हनती, आम्ही काचेच्या बाटलीतलं घेतो, दामदुप्पट देतो, पण ते तरी खरं कशावरून. ही म्हनती, मी रात्रभर झोपले न्हाई."

"दामदुप्पट देऊनबी झोप न्हाई?"

"न्हाई ना!"

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. इकडे डेअरीचा दर खाली, तिकडे टॉवरमधला दर वर, आणि मध्ये फक्त आमचा एक बांध! त्या बायकांना दूध मिळत होतं. पाहिजे होती खात्री. आणि खात्री पिशवीत भरून विकता येत नाही, ती चार पायांवर चालवतच न्यावी लागते.

"रेश्मा, त्यांना लिही. शनवारी सकाळी म्हैस तुमच्या दारात येईल. तुमच्या डोळ्यांपुढं पिळू. पटलं तर घ्या, न्हाईतर चहा पाजा आन् वाटंला लावा."

टॉवरच्या सेक्रेटरी अनघाताईंचं लगेच उत्तर आलं, टाळ्यांच्या चित्रासकट. शनिवार म्हणजे बापू व्यापाऱ्याच्या आदला दिवस. संजूला अर्थातच काही सांगितलं नाही. रात्रपाळीची माणसं घरी सोडायला तो पहाटेच गेला होता.

शनिवारी मी जय्यत तयारी केली. एवढी शिकलेली माणसं बघणार, फोटो काढणार, म्हणून नातेवाइकांच्या लग्नात नेसते ती पैठणी काढली. अंबाड्यात गजरा घातला. पावडर लावली. शेवंतीला घासून धुतलं, शिंगांना तेल लावलं, गळ्यात झेंडूची माळ. मालकांच्या हातात कासरा, रेश्माच्या हातात नवी कोरी चकचकीत किटली. अशी आमची वरात निघाली.

बांधावरून थेट टॉवरला जाता येत नाही, मध्ये त्यांची भिंत आहे. रस्त्यानेच जावं लागतं. आणि शेवंतीने उभ्या आयुष्यात डांबरी रस्त्याची एवढी गर्दी पाहिली नव्हती. ती रस्त्याच्या बरोबर मध्यावर थांबली आणि विचार करायला लागली. मागे कॅबवाल्यांच्या भोंग्यांचा नुसता गजर!

"वढा की वो कासरा!" मी मालकांना म्हटलं.

"म्या वडतुया. ती कुटं वडून घेतीया!"

मी मागे वळून, हात जोडून गाडीवाल्यांना थांबा म्हणायला गेले, तर पहिल्याच गाडीच्या काचेमागे आमचा संजू! एक म्हैस, तिच्या पुढे बाप, मागे पैठणीतली आई आणि बाजूला बायको. पोराचा चेहरा असा झाला की काय सांगू. मागच्या सीटवरच्या साहेबांनी काहीतरी विचारलं. काच अर्धी उघडी होती म्हणून त्याचं उत्तर मला स्पष्ट ऐकू आलं.

"काय माहीत सर, कुणाची म्हैस हाय ती. हितले लोक लई अडाणी."

आणि काच वर गेली!

असो. शेवंतीने विचार संपवला आणि आम्ही गेटावर पोचलो. तिथला वॉचमन बिहारकडचा, फार नम्र पोरगा. हातात मोबाइल. "माताजी, एंट्री करनी पड़ेगी."

"कर बाबा. घाई हाय."

"किसके फ्लैट में जाना है?"

"सगळ्याच."

त्याने शेवंतीकडे बघितलं, मोबाइलकडे बघितलं. "माताजी, इसमें गेस्ट है, कॅब है, डिलिव्हरी है, कामवाली है. भैंस का बटन नहीं है."

"आमी तिघं पाहुने, आन् तिला डिलिव्हरी लाव," रेश्मा म्हणाली. (पोरगी हुशार आहे. मीच पसंत केली होती.)

त्याने शेवंतीचा फोटो काढला आणि बटण दाबलं. फक्त अनघाताईंच्या फ्लॅटला पाठवायचा, तो घाईत सगळ्याच फ्लॅटना गेला! टॉवरभर मोबाइल किणकिणले. तुमच्या गेटवर डिलिव्हरी आली आहे, आत सोडू का? खाली शेवंतीचा मोठ्ठा फोटो, जीभ नाकात घातलेला! ज्यांना आमच्या कार्यक्रमाचा पत्ताही नव्हता, तेसुद्धा अंगावरच्या कपड्यांनिशी खाली धावले. बघता बघता फाटकाशी जत्रा जमली.

अनघाताई पुढे आल्या. "आजी, या या! मुलांना पण दाखवायचंय. सगळ्यांनी रेकॉर्डिंग सुरू करा!"

मी किटली मांडीत धरली, ऐटीत बसले आणि पिळायला लागले.

थेंब नाही.

पुन्हा ओढलं. थेंब नाही. म्हशीने पान्हाच चोरला! एवढे मोबाइल रोखलेले, आणि किटली अशी कोरडी की तिच्यात माझं तोंड दिसत होतं. मागून एक काका म्हणाले, "खरंच म्हैस आहे ना?" मला तर उद्याचा बापूचा टेम्पोच दिसायला लागला. माझ्याच हौसेने, माझ्याच हाताने मी शेवंतीला त्या टेम्पोत चढवत होते!

मालक माझ्या कानाशी वाकले. "तिनं तुला वळखलंच न्हाई. पैठनी, पावडर... आगं, सकाळी म्या तरी कुटं वळखलं!"

रेश्मा तशीच धावत घरी गेली आणि माझं रोजचं धारेचं लुगडं घेऊन आली. शेणाचे डाग, दुधाचा वास, सगळ्यासकट. मी ते पैठणीवरूनच गुंडाळलं. (फोटो चालूच होते.) तेवढ्यात शेवंतीने मान वळवून माझा गजरा ओढला आणि खाऊन टाकला. ओळख पटली म्हणायची! मी पुन्हा बसले आणि चार लोकांत शोभेल असं बोलले, "शेवंती, बाळा, दूध दे हं. ताई बघत आहेत ना?"

शेवंतीने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी इंग्रजी बोलले.

"अशानं न्हाई व्हायचं," मालक म्हणाले. "रोज बोलतीस तसं बोल."

"हितं? ह्या मान्सांपुढं?"

"मंग उद्या टेंपोपुढं बोल!"

मी डोळे मिटले. देवाचं नाव घेतलं. आणि तोंड सोडलं.

"आगं ए सटवे! पेंड चरताना लाजत न्हाईस, आन् हितं यिऊन नवी नवरी झालीस व्हय गं? माजं नाक कापायला आलीस का भवाने? सोड पान्हा, न्हाईतर तुजं थोबाडच रंगवते, काळतोंडे!"

चर्र... चर्र... चर्र!

अहो, धार अशी लागली की किटलीत फेसाचा डोंगर! शेवंतीने डोळे मिटून रवंथ सुरू केला. तिला घरी आल्यासारखं वाटलं. मी शिव्या देतेय, ती दूध देतेय. मी श्वास घ्यायला थांबले की तीही थांबायची! आणि ती माणसं टाळ्या वाजवत होती. एक ताई तर पुढे येऊन म्हणाल्या, "आजी, ते काळतोंडे परत एकदा म्हणाल का? माझं रेकॉर्डिंग सुरू नव्हतं झालं."

अनघाताईंनी उभ्या उभ्या वाटीतलं कोमट दूध चाखलं आणि डोळे पुसले. "अगदी आजोळच्या दुधाची चव! आजी, सोमवारपासून आम्हाला दोन्ही वेळचं हवं." त्यांच्या मागे रांग लागली. रेश्मा मोबाइलवर नावं टिपताना दमली. डेअरी जेवढं न्यायची तेवढं सगळं टॉवरमध्ये खपून, वर मागणी शिल्लक!

संध्याकाळी संजू आला. दारातच घुटमळला.

"आई, तुजा व्हिडिओ आमच्या समद्या गाड्यांमदी फिरतोय."

"व्हय का? कुनाची म्हैस हाय म्हनं ती?"

तो कान खाजवायला लागला. "आमचं सायब इचारत व्हतं... ती मावशी दूध आमच्या बिल्डिंगीत देईल का."

"मग तू काय म्हनलास?"

"म्हनलं, वळख काढून बघतो."

मालक एवढे हसले की खाटेवरून पडायचे राहिले.

रविवारी बापू व्यापारी टेम्पो घेऊन हजर. मी अंगणातच कमरेवर हात ठेवून उभी. म्हटलं, "बापू, हितनं न्यायला काय न्हाई. आमाला द्यायला चांगली म्हैस हाय का?"

बापूने संजूकडे बघितलं. संजूने माझ्याकडे बोट दाखवलं. म्हशी विकायला निघालेल्या घरात तिसरी म्हैस घ्यायचा सौदा ठरला, आणि माझी छाती अशी फुगली म्हणता! पाटावर बसून मी बापूला बाजार समजावून सांगत होते. दर खाली आला की घाबरायचं नसतं, गिऱ्हाईक कशाला घाबरलंय ते बघायचं असतं, वगैरे वगैरे. बापू माना डोलवत होता. आत रेश्माला हाक मारली, "सौदा झाला गं! बापूला दाटसर चहा टाक!"

रेश्मा दारात आली. "आत्या, चहा टाकलाय. पन दूध न्हाई."

"न्हाई म्हंजे?"

"समदं टॉवरला गेलं. सोमवारपर्यंत कुनाला धीर न्हवता. येकजन तर पातेलं पुसून घिऊन गेला."

म्हशीचा सौदा करायला आलेल्या माणसाला म्हशीवाल्यांच्या घरी कोरा चहा? बापू ते गावोगाव सांगत फिरला असता! मी डोक्यावरून पदर घेतला, नाकापर्यंत ओढला आणि मागच्या गल्लीने दुकानात गेले. (पुढच्या रस्त्यावर आमची गिऱ्हाइकं भेटली असती.) इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हटलं, "एक पिशवी दूध दे रे."

दुकानदाराने पिशवी पुढे सरकवली, वाकून पदराखाली बघितलं आणि अगदी काळजीने म्हणाला, "काकू, तुमी बातम्या बघत न्हाई वाटतं?"