रामभाऊंचा उजवा पाय

“घ्यायला काय, कुणीबी घेईल. पोसायचं कुणी?”

हे वाक्य रामभाऊंनी त्या उन्हाळ्यात इतक्या तोंडांतून ऐकलं, की समोरच्याने ‘घ्यायला काय’ म्हटलं की पुढचं ते स्वतःच म्हणून टाकत. निमित्त एका जुन्या गाडीचं होतं. एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेल्या माणसाने चारचाकी घ्यावी, याला वरवे बुद्रुक गावाची काही हरकत नव्हती. सगळे घेतात तसली छोटी पांढरी गाडी घ्यावी, गॅसवर चालणारी असावी, महिन्यातून एकदा लेकीकडे जाऊन यावं आणि उरलेले दिवस तिच्यावर ताडपत्री टाकून ठेवावी. पण रामभाऊंना विलायती गाडी हवी होती. नवी घेण्याची ऐपत नव्हती. चार-पाच वर्षं वापरलेली चालेल, पण युरोपातल्या कंपनीची आणि जड दाराची. हायवेवर तसली गाडी त्यांच्या लाल डब्याला ओलांडून जायची, तेव्हा आवाज यायचा तो फक्त टायरचा. एकदा शिवऱ्याला चहा पिताना कुणीतरी तसल्या गाडीचं दार लावलं. भरलं पोतं जमिनीवर ठेवावं तसा धप्प आवाज झाला. तो आवाज रामभाऊंच्या डोक्यात जो बसला, तो निवृत्तीनंतरही उठला नाही.

गावात गाड्यांच्या बाबतीत शेवटचा शब्द चिमाजी अण्णांचा. त्यांची जमीन हायवेलगत, दारात उंच डिझेल गाडी. पारावर त्यांनी रामभाऊंना न मागता सल्ला दिला.

“विलायती जनावर हाय ते. त्याचा चारा येगळा, डाक्टर येगळा. आपल्यासारख्याच्या दावणीला टिकत न्हाई.”

‘आपल्यासारख्याच्या’ म्हणताना अण्णांचा हात रामभाऊंकडे गेला होता. रामभाऊंचं घर गावाच्या खालच्या अंगाला, बुद्धविहारापाशी. दावण कुणाची, हे पारावरच्या सगळ्यांना कळलं. तीस वर्षं हेच अण्णा आणि त्यांचं गणगोत रामभाऊंच्या पाठीमागे बसून बाजारला गेलं, लग्नांना गेलं, घाटात तोंड उघडं टाकून घोरलं. तेव्हा आपला जीव कुणाच्या हातात आहे हे कुणाला खटकलं नव्हतं. रामभाऊंना या गोष्टीचा राग होता. तो त्यांनी कधी बोलून दाखवला नाही, पण गाडी घ्यायची तर विलायतीच, हे त्यांनी त्या दिवशी पारावरून उठतानाच पक्कं केलं.

खरी अडचण घरात होती. मुलगा प्रशिक पुण्यात कंपनीत. पोरगा मायाळू, पण हिशेबाला वाघ. त्याने बापाला समोर बसवून सगळं समजावलं. डिझेल लिटरला जास्त पळतं हे खरं, पण आताच्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी असते. गाडी रोज लांब पळाली तर ती काजळी आपोआप जळून जाते. नसरापूरपर्यंत जाऊन परत यायचं म्हटलं तर जाळी तुंबते, आणि ती बदलायची म्हणजे बैलजोडीच्या किमतीला हात घालायचा. पेट्रोलमध्ये ती कटकट कमी, पण इंजिन लहान, त्याला दम आणायला आत हवा कोंबणारा टर्बो बसवलेला. घाटात ते पाण्यासारखं पेट्रोल पिणार. शिवाय इंजिन कुठलंही असो, सर्व्हिसिंग आणि सुटे भाग महाग ते महागच.

“आबा, इकडून आड, तिकडून विहीर,” प्रशिक म्हणाला. “पांढरी घ्या. गॅसवर निम्म्या खर्चात फिराल.”

रामभाऊ ऐकत राहिले. पोराचं चुकत नव्हतं, हीच पंचाईत होती. शेवटी बापलेकांत ठरलं ते असं: शिवऱ्याला सोमनाथच्या जुन्या गाड्यांच्या शेडमध्ये एकाच कंपनीच्या दोन विलायती गाड्या आल्या होत्या, करडी डिझेल आणि निळी पेट्रोल. दोन्ही बघायच्या. चढणीवर एकही रामभाऊंच्या हाताला बसली नाही, तर विषय संपला. पुन्हा विलायतीचं नाव काढायचं नाही, पांढरी घ्यायची. रामभाऊ हो म्हणाले, कारण चढणीवर आपल्या हाताला न बसणारी गाडी अजून जन्माला यायची आहे, अशी त्यांची खात्री होती.

साळूबाई, त्यांची बायको, यातलं काही बोलल्या नव्हत्या. निघताना त्यांनी फक्त नवं लुगडं नेसलं आणि सगळ्यांच्या आधी फाटकाबाहेर जाऊन उभ्या राहिल्या.

सोमनाथ हा बोलघेवडा माणूस. त्याने किल्ली प्रशिकच्या हातात दिली आणि इंजिनाबद्दल जे काही सांगायचं ते प्रशिकलाच सांगितलं. आयुष्यभर गाडी चालवलेला माणूस बाजूला, देवळाबाहेर चपला सांभाळायला बसवल्यासारखा. रामभाऊंनी शांतपणे मुलाच्या हातातून किल्ली घेतली आणि करडीचं दार उघडून पुन्हा लावलं. धप्प. मग आत बसले. डिझेलशी त्यांचं जुनं नातं, मन तिकडेच ओढ घेत होतं. पण किल्ली फिरवली तशी समोर पिवळा दिवा लागला आणि काही केल्या विझेना. जाळी तुंबलेली. आधीच्या मालकाने गाडी गल्लीबोळातच फिरवली असणार. हायवेला अर्धा तास दामटली की जाईल, असं सोमनाथ म्हणाला. यावर प्रशिकने फक्त बापाकडे पाहिलं. रामभाऊ खाली उतरले. तुंबलेलं धुराडं काय असतं हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

राहिली निळी. रामभाऊ म्हणाले, हायवेवर ढकलगाडीसुद्धा पळते, मला वेल्ह्याच्या रस्त्याला वडाच्या चढणीवर न्यायचीय. सोमनाथने कुरकुर केली आणि शेवटी पेट्रोल तुम्ही टाकायचं या अटीवर कबूल झाला. रामभाऊंनी पंपावर स्वतःच्या खिशातून पेट्रोल टाकलं. तरण्या माणसांनी मागे बसावं असं म्हणत साळूबाई पुढे, ड्रायव्हरशेजारी बसल्या. नसरापूर मागे पडेपर्यंत सगळं ठीक होतं.

आता इथे रामभाऊंच्या उजव्या पायाविषयी सांगायला हवं, कारण पुढची सगळी गोष्ट त्या पायाची आहे. डेपोत एक फळा असे. दर महिन्याला त्यावर कुठल्या ड्रायव्हरने दहा लिटरमागे किती किलोमीटर काढले ते लिहीत. केपीटीएल म्हणत त्याला. ज्याचं नाव तळाला, त्याला साहेबांपुढे उभं राहावं लागे. रामभाऊ नोकरीला लागले तेव्हा त्यांच्या कानावर येईल असं कुणीतरी बोललं होतं, की राखीव जागेवरचा आहे, बघू किती टिकतो. त्या बोलण्याला रामभाऊंनी तोंडाने उत्तर दिलं नाही, पायाने दिलं. पाय ॲक्सिलरेटरवर असा ठेवायचा की खाली कच्चं अंडं आहे. लवकर वरचा गिअर टाकायचा, उतारावर पाय उचलायचा, थांबलं की इंजिन बंद. त्यांचं नाव फळ्यावर वर गेलं आणि निवृत्तीपर्यंत वरच राहिलं. तीस वर्षं तो पाय पुरता खाली गेला नाही. घरी इंधन बचतीचं एक प्रशस्तिपत्र आहे आणि बक्षीस मिळालेला स्टीलचा डबा आहे. त्यात साळूबाई डाळ ठेवतात.

वडाची चढण लागली. रामभाऊंनी सवयीप्रमाणे गाडी लवकर तिसऱ्यात टाकली. पाय अंड्यावरच. निळीने जोर केला, थरथरली. त्यांनी दुसरा टाकला, पण पाय तसाच. डिझेल इंजिन अशा हलक्या पायावरही रेड्यासारखं ओढतं. हे लहान पेट्रोल इंजिन, त्याला फिरवल्याशिवाय टर्बो जागा होत नाही. गाडीने दोन आचके दिले आणि ऐन चढणीत बंद पडली.

मागून पिकअपवाल्याने हॉर्न मारला आणि बाजूने जाताना वाकून आत पाहिलं. रामभाऊंनी पुन्हा चालू केली. पुन्हा बंद. सोमनाथ खिडकीबाहेर बघायला लागला. इतक्या वर्षांत रामभाऊंच्या हातात चढणीवर गाडी बंद पडली नव्हती, आणि आज पडली ती बायको आणि पोरगा गाडीत असताना. त्यांचे कान तापले.

“राहू द्या आबा,” प्रशिक हळूच म्हणाला. “झालं. मी घेतो खाली.”

विषय संपल्यात जमा होता. रामभाऊंनी हातब्रेक ओढला आणि हात मांडीवर ठेवले. तेवढ्यात साळूबाई काच खाली करून रस्त्याच्या कडेला पाहू लागल्या.

“हितंच ना?” त्या म्हणाल्या.

रामभाऊंनी वडाकडे पाहिलं. हितंच. प्रशिक कडेवर होता तेव्हाची गोष्ट. साळूबाई पासलीला, माहेरी निघाल्या होत्या. जीप अर्ध्या वाटेत बिघडली. भर उन्हात त्या या चढणीवर पोर घेऊन उभ्या असताना खालून एसटी आली, आणि स्टिअरिंगवर नवरा. त्यांनी हात केला. भरलेली गाडी चढणीत थांबवायची आणि पहिल्यावर पुन्हा उचलायची म्हणजे डिझेलचा केवढा घोट जातो, हे रामभाऊंच्या पायाला ठाऊक होतं. महिनाअखेर होती, फळ्यावरचं नाव एका जागेने खाली आलं होतं. त्यांनी हातानेच पुढच्या स्टॉपची खूण केली आणि गाडी नेली. साळूबाई पुढच्या स्टॉपपर्यंत चालत आल्या. गाडी तिथे थांबली होती, इंजिन बंद करून. त्या चढल्या, तिकीट काढलं, बसल्या. त्यावरून घरात भांडण कधी झालं नाही. कुणी नवऱ्याच्या बक्षिसाचं कौतुक केलं, की त्या म्हणत, व्हय, त्यात माझ्या पायांचाबी वाटा हाय. बस, एवढंच.

“अवं,” साळूबाई म्हणाल्या, “पाय का उचलून धरताय? ह्यात प्याट्रोल कुणाचं हाय?”

“आपलं.”

“मग साहेब कोण बघतोय?”

रामभाऊंनी बायकोकडे पाहिलं. मग किल्ली फिरवली, पहिला टाकला आणि उजवा पाय खाली दाबला. नुसता दाबला नाही, बुडाशी टेकवला. इंजिन ओरडलं, काटा सरसर वर गेला, क्षणभर काहीच झालं नाही, आणि मग मागून कुणीतरी ढुशी दिल्यासारखी गाडी उसळली. दुसरा. पाय तळाशीच. वड मागे गेला, वर रांगत चाललेला पिकअपवालाही मागे गेला. सोमनाथने पुढच्या सीटची पाठ धरली. साळूबाईंनी एका हाताने दाराचा दांडा पकडला, दुसऱ्या हाताने तोंडावर पदर धरून त्या हसत होत्या. असं हसताना प्रशिकने आईला कधी पाहिलं नव्हतं.

माथ्यावर गाडी थांबली. प्रशिकने समोरच्या पट्टीवरचा आकडा वाचला आणि धास्तीने म्हणाला, आबा, असं चालवलंत तर ही लिटरला दहाच्या वर जात नाही.

“नको जाऊ दे,” रामभाऊ म्हणाले. “तीस वर्सं सरकारचं डिझेल वाचवलं म्या. हे माझं हाय. ह्याचा फळा कुणी लावायचा न्हाई.”

पोराने पुढे वाद घातला नाही. चढणीची अट तर बापाने जिंकली होती.

निळी दारात आली. गाव येऊन बघून गेलं, टायरला लाथा मारून गेलं. चिमाजी अण्णांनी विचारलं, पेट्रोल का घेतली, खड्ड्यात जाल. रामभाऊंनी गाडी स्वस्तात फिरते असा आव आणला नाही. पहिल्या सर्व्हिसिंगचं बिल पाहून ते रात्री नीट जेवले नव्हते, हेही खरं. खर्च भागवायला तंबाखू सुटली ती तेव्हा. पण कुणी ‘पोसायचं कुणी’ म्हटलं, की ते छातीवर बोट ठेवून ‘म्या’ म्हणत.

पुढच्या वर्षी मे महिन्यात साळूबाईंच्या भावाला भेटायला दोघं पासलीला निघाली. वडाच्या चढणीवर, तिथे ना स्टॉप ना फाटा, साळूबाईंनी हात वर केला.

“थांबवा.”

गाडी ऐन चढणीत थांबली. कडेच्या जाळीला करवंदं काळी झाली होती. साळूबाई उतरल्या आणि सावकाश, एकेक बघून तोडू लागल्या. रामभाऊंचा हात सवयीने किल्लीकडे गेला. तिथे तो थोडा वेळ थांबला आणि परत मांडीवर आला. इंजिन चालूच राहिलं.

वरून चिमाजी अण्णांची गाडी आली. काहीतरी बिघडलं असेल म्हणून त्यांनी काच खाली केली, पाहिलं आणि त्यांना राहवेना.

“रामभाऊ, बंद तरी करा. फुकाट प्याट्रोल जळतंय.”

रामभाऊंनी जाळीकडे पाहिलं. साळूबाईंचा पदर अजून अर्धाच भरला होता.

“मंडळी करवंदं तोडत्यात, अण्णा,” ते म्हणाले. “त्यांचं हुईस्तवर जळू द्या.”