खिळे काढलेले बूट

माणूस अनवाणी फुटबॉल का खेळतो, हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला तेव्हा उत्तर मी आधीच ठरवून ठेवलं होतं. पत्रकं लिहिणाऱ्याची ही खोडच असते. माझं उत्तर होतं, मालक बूट देत नाही म्हणून. टीम अकोल्याच्या एका कापसाच्या जिनातल्या मजुरांची होती, आणि जिनवाला मालक मजुराला काही देत नाही हे सिद्ध करायला मला पुरावा लागत नसे.

माझा मावसभाऊ त्या टीमचा लेफ्ट आउट. माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणतो. मी अमरावतीला बोर्डिंगात राहून कॉलेज करायचो आणि सुट्टी मिळाली की अकोल्याला, जुन्या शहरात मावशीकडे जायचो. दादा मला नदीच्या पुलावरून जिनाकडे घेऊन जाई. सरकी आणि रुई वेगळी करायची, रुईच्या गाठी दाबायच्या, हे तिथलं काम. दसऱ्याच्या सुमारास यंत्रं सुरू होतात, चैत्राच्या आसपास थांबतात. मग मजूर रिकामा. दादा उरलेले महिने सडकेच्या कामावर खडी फोडायचा.

फुटबॉल त्यातूनच आला. पावसाळ्यात जिनाचं आवार मोकळं पडतं. मालकाला शौक होता. खेळणाऱ्या मजुरांना तो त्या महिन्यांत अर्धी मजुरी द्यायचा आणि दसऱ्याला कामावर पहिला नंबर. वर्तमानपत्रवाले त्यांना हौशी खेळाडू म्हणत. कसली हौस? खेळला नाही तर चूल पेटत नाही, तो धंदाच. असं मी सगळ्यांना ऐकवायचो. दादा मात्र म्हणायचा, हौस पण हाय ना बाबू, दोन्ही राहू शकते. हे मी पत्रकात घालत नसे.

त्या साली धंद्याची बाजू जास्त चढली. अमरावतीच्या कपासाठी गटात पाच टीमा होत्या, पहिल्या दोन पुढच्या चारांत जाणार होत्या. मॅनेजरनं दादाला बोलावून सांगितलं, की टीम फायनलला पोचली तर तुला बारमाही करतो, फिटरच्या हाताखाली. बारमाही म्हणजे यंत्रं बंद असली तरी मजुरी चालू. मावशीनं ही गोष्ट गल्लीत कुणाला सांगितली नाही, यावरून ती किती मोठी होती ते समजावं.

म्हणून त्या मोसमात मी मॅच पाहायचो ती दोन डोळ्यांनी. एक डोळा बॉलवर, दुसरा दादाच्या पायांवर. अंगठा बाहेर वळलेला, टाच भेगाळलेली, पंजा असा पसरट की ओल्या काळ्या मातीतही तो रुतायचा नाही. आपली माती ओली झाली की बुटाला किलोकिलोनं चिकटते. अकोटला पहिली मॅच भर चिखलात झाली. समोर पोलिसांची टीम, पायांत बूट. मध्यंतरापर्यंत त्यांचे पाय हत्तीचे झाले होते. आपण तीन गोल करून जिंकलो. पुढच्या मॅचला उघाड पडली आणि आपण हरलो. मग पाऊस, मग जिंकलो. गणित एवढं सरळ होतं की मी कॉलेजात तास सोडून आभाळाकडे पाहत बसायचो.

शेवटी सगळं दुसऱ्यांवर आलं. पोलिसांनी कॉलेजच्या टीमला हरवलं नाही तरच आपण पुढं जाणार होतो. ती मॅच अमरावतीलाच होती. मी पोलिसांच्या विरुद्ध इतका ओरडलो की शेजारचा माणूस सरकून बसला. बरोबरी झाली. आपण शेवटच्या चारांत गेलो.

आणि मग नियम निघाला. पहिल्या चारांपासून पुढं पायांत बूट पाहिजेत.

मी भडकलो. सायकल काढली आणि कप भरवणाऱ्या कमिटीच्या एका वकिलाच्या घरी गेलो. हा नियम कुठं लिहिलाय, असं विचारलं. ते म्हणाले, लिहिलेला नाही, पण पाळतात. कधीपासून, असं विचारलं. त्यांना आठवेना. शेवटच्या सामन्यांना मोठे पाहुणे येतात, त्यांच्या बायका येतात, उघड्या पायांनी बरं दिसत नाही, एवढं ते बोलले आणि मला चहा दिला. मी चहा प्यालो. पण बोर्डिंगात येऊन पत्रकाचा मसुदा लिहिला. मथळा दिला, उघड्या पायांचा कुणाला धाक. मला तो अजूनही वाईट वाटत नाही.

मसुदा घेऊन मी अकोल्याला गेलो. दादानं वाचला, घडी केली आणि परत माझ्या खिशात घातला. म्हणाला, "आमाले फायनल खेळाची हाय. भांडन फायनलच्या बादमंदी कर."

तेव्हा मी त्याला तो जुना प्रश्न विचारला. मालकानं आजवर बूट का दिले नाहीत? त्याला वाटलं मी गंमत करतोय. जिनात बूट चालतच नाहीत, हे मला कसं माहीत नव्हतं याचंच त्याला नवल. बुटाला खिळे असतात. खिळा दगडावर घासला की ठिणगी उडते, आणि रुईला ठिणगी म्हणजे तासाभरात जिन खलास. दारावरचा चौकीदार काडेपेटी शोधायला खिसे चाचपतो तसे वहाणांचे तळवेही चाचपतो. मॅनेजरसुद्धा कापडी बूट घालून येतो. टीमचं मैदान जिनाच्या आवारातच, म्हणून टीम अनवाणी. माझ्या उत्तरातला मालक पार निघून गेला असं मात्र नाही. मैदान बाहेर असतं तर त्यानं बूट दिले असते का, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

दसऱ्याला बूट आले. मी त्या दिवशी तिथं होतो. यंत्रांची पूजा झाली, नारळ फुटले, फुटबॉललाही कुंकू लागलं. बुटांचं खोकं मात्र बाजूला सरकवलं, बूट कातड्याचे म्हणून. फुटबॉल कशाचा असतो? धर्मांतरानंतर आमच्या घरातले देव जाऊन तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती, त्यामुळे मला पूजेशी घेणंदेणं नव्हतं, पण कोणत्या कातड्याला कुंकू लागतं आणि कोणत्याला नाही, हे पाहायला मला फार आवडलं असतं, म्हणजे त्याचा कुणी नकाशा दिला असता तर.

बूट सगळे दोनच मापांचे होते, गाठींसाठी तागाचा बारदाना आणावा तसे आणलेले. तळाला पाय घसरू नये म्हणून कातडी गुट्ट्या, प्रत्येक गुट्टी खिळ्यांनी ठोकलेली. मजा पुढं झाली. बूट मालकाचे, आवार मालकाचं, पण बूट आवारात येईनात. चौकीदारानं तळव्यावरून हात फिरवला आणि अकराच्या अकरा जोड दाराबाहेर ठेवायला लावले. गोलकीपर त्याला म्हणाला, "चाचा, मालकाचेच बूट हायेत, मालकाचंच जिन हाय." म्हातारा म्हणाला, "और आग लगी तो वो बी मालिक की."

मी अमरावतीला परतलो. सेमीफायनलला आठवडा होता. कापूस फुटला होता. शेतं पांढरी झाली होती, बायकांची वेचणी सुरू होती, आणि अशा दिवसांत वऱ्हाडात पावसाचं नावसुद्धा कुणी काढत नाही. भिजलेला कापूस पिवळा पडतो, त्याला कोण विचारतं? माझ्या मामाचं शेतही तसंच उभं होतं. तरी मी रोज सकाळी बोर्डिंगच्या गच्चीवर जाऊन पश्चिमेकडे पाहायचो. ओल्या मैदानात बूटवाले रुततील, आपलेही रुततील, पण आपल्यांना चिखलाची सवय आहे, असा हिशेब मनात चालायचा. मग मामाचं शेत आठवायचं आणि मी खाली यायचो. आभाळ कोरडंच राहिलं. ते बरंच झालं, असं मी स्वतःला दोनदा सांगितलं.

मॅचच्या दिवशी जिनाचा ट्रक अमरावतीत आला. टीम रिकाम्या बारदान्याच्या थप्पीवर बसून आली होती. दादा खूश होता. त्यानं बूट उलटा करून मला दाखवला. तळ गुळगुळीत. गुट्ट्या गायब, खिळा एकही नाही. दाराबाहेर बसून सगळ्यांनी पकडीनं खिळे उपटले होते, चौकीदारानं प्रत्येक तळवा बोटांनी तपासून पास केला होता, आणि मग टीमनं चार दिवस आवारात बूट घालून सराव केला होता. मैदान सुकून विटेसारखं झालंय, गुट्ट्या लागतात कशाला, असं दादाचं म्हणणं. ते मला पटलं. पण मी तळवा वाकवून पाहिला आणि विचारलं, "मंग हे कायच्या भरवशावर हाय?"

"शिवन हाय ना बावा," तो म्हणाला.

समोर रेल्वेवाल्यांची टीम होती. पहिला अर्धा भाग मी पाहिलेल्या फुटबॉलातला सगळ्यात सुंदर. आपली पोरं कडक मैदानावर नुसती घसरत नव्हती, तरंगत होती. दादानं डाव्या बाजूनं दोघांना चकवून बॉल मध्ये दिला आणि गोल झाला. एक-शून्य. मी मनातल्या मनात फायनलला पोचलो, मावशीला सांगून झालं, मावशीनं गल्लीला सांगून झालं.

मध्यंतरानंतर सेंटर हाफच्या बुटानं तोंड उघडलं. शिवण नुसती कडेला होती. तळवा खरा धरला होता खिळ्यांनी, आणि खिळे राहिले होते अकोल्यात. जिनात काम करणाऱ्या माणसाला खिळा दिसला की तो उपटतोच, कोणता ठेवायचा हा विचार त्याच्या हाताला शिवत नाही. पुढं एकेकाचा बूट फाटत गेला. रेफरीनं नियम काढला. बूट नाही तर मैदानाबाहेर, नीट करून या. ट्रकमधून बारदाना शिवायची सुतळी आणली. पोरं रेषेवर बसून बूट पायाला बांधत होती, बांधून आत जात होती, दुसरी बाहेर येत होती. एका वेळी आपले सातच जण आत होते. त्यात रेल्वेवाल्यांनी बरोबरी केली.

लोक हसत होते. मोठे पाहुणेही हसत होते आणि त्यांच्या बायकाही. उघडे पाय बरे दिसत नाहीत म्हणे. मला वाटलं, वकिलाला शोधावं आणि विचारावं, आता बरं दिसतं का?

दादाचा बूट शेवटपर्यंत टिकला. म्हणजे जवळजवळ शेवटपर्यंत. एक-एक असताना बॉल त्याच्याकडे आला, समोर फक्त गोलकीपर. गल्लीतल्या पोरांना हा शॉट तो डोळे मिटून मारून दाखवायचा. त्यानं पाय झोकला, आणि तळवा सुटला. बॉल खांबाच्या बाहेरून निघून गेला. तळवा सरळ गोलात जाऊन पडला.

मैदान हसून लोळलं. मी हसलो नाही. पण आज खरं सांगायचं तर लांबून ते कसं दिसलं असेल हे मला कळतं.

दादा चालत गोलात गेला. गोलकीपरनं तळवा उचलून त्याच्या हातात दिला. दादानं तो झटकला, रेषेवर आला आणि सुतळी मागितली. तो बांधत असतानाच त्याच्या रिकाम्या बाजूनं रेल्वेवाले पुढं सरकले आणि दुसरा गोल झाला. दोन-एक. एवढंच.

ट्रक निघायच्या आधी मी त्याला म्हटलं, की बूट फेकून का दिला नाही, अनवाणी का मारला नाही, गोल तर झाला असता. तो बारदान्यावर बसून सुतळीची गाठ सोडवत होता.

"अनवानी मारला असता तं गोल झाला असता," तो म्हणाला. "पन मोजला नसता. मले मोजलेला पायजे होता."

मॅनेजरनं शब्द फिरवला नाही, हेही लिहिलं पाहिजे. मी अकोल्यात जठारपेठेत त्याच्या घरी गेलो होतो, भांडायच्या तयारीनं. तो म्हणाला, फायनल म्हटलं होतं, फायनल झाली नाही. मी म्हटलं, बूट तुमच्या चौकीदारानं अडवले. तो म्हणाला, चौकीदारानं अडवले नसते तर मी त्याला काढून टाकलं असतं. या दोन वाक्यांच्या मध्ये कुठंतरी अन्याय आहे अशी माझी खात्री होती आणि आहे. पण बोट नेमकं कुठं ठेवायचं हे तेव्हा सापडलं नाही. चैत्रात जिन बंद झालं आणि दादा खडी फोडायला गेला.

पत्रक मी छापलं, नवं. त्यात कमिटीला एकच प्रश्न विचारला होता, नियम कुणी केला? उत्तर आलं नाही. नियमही गेला नाही.

आषाढात दादा अमरावतीला आला. पिशवीतून बूट काढून त्यानं माझ्या खाटेवर ठेवले. तळव्याला आरपार सुतळी घातली होती, गाठी शिवायच्या दाभणानं, उभी-आडवी, इतकी दाट की कातडं कमी आणि ताग जास्त दिसत होता. अकराही जोड असेच शिवले म्हणाला. खिळा एकही नाही, चौकीदारानं हात फिरवून आत सोडलं.

"वाकवून पाह्य," तो म्हणाला.

मी वाकवला. जोर लावून वाकवला, पंज्याकडून, टाचेकडून. सुटला नाही. ओल्या मैदानात ताग पाणी पिऊन फुगेल का, हे मी विचारणार होतो, पण आधी दुसरंच विचारलं. मॅनेजर काय म्हणतो?

"तेच," दादा म्हणाला. "फायनल."

बाहेर पाऊस पडत होता आणि पहिली मॅच त्याच आठवड्यात होती.