जोडीची सुई

ती गाडी आमच्या दारात आली तेव्हा तिला गाडी म्हणायला जीभ रेटत नव्हती. चाकं वेगळी, दरवाजे वेगळे आणि इंजिन जुन्या सतरंजीत बांधलेलं. इंग्लंडात कधीतरी बनलेली, दोनच सीटांची, डोक्यावर छप्पर नाही, आणि इतकी बसकी की आत बसायचं म्हणजे पाटावर जेवायला बसल्यासारखं. मुलुंडच्या आमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये उंच जोत्यावरच्या तळमजल्याला राहण्याचा एकच फायदा, स्वयंपाकघराच्या खिडकीखालची पार्किंगची जागा आपली. टेम्पोवाल्यांनी ते सगळं तिथे उतरवलं आणि मी कपाळाला हात लावला. म्हटलं, "अहो, लोक भंगार घराबाहेर काढतात. तुम्ही उलट घरी आणताय?"

हे म्हणजे माझे मिस्टर. मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका कारखान्याच्या टूलरूममध्ये त्यांचं आयुष्य गेलं. कारखाना बंद झाला तेव्हा मालकाच्या वडिलांची ही हौसेची गाडी शेडमागे गंजत पडली होती. "कोणाला काय हवंय ते न्या," असं मालक म्हणाले. बाकीच्यांनी कपाटं नेली, पंखे नेले. आमच्या ह्यांनी ही नेली.

मी ब्लाऊज शिवते, अजूनही. त्यामुळे गाडीत माझा हात लागणार हे ठरलेलंच होतं. सीटांची कव्हरं मी शिवली, वर ओढायचं कापडी छप्परही मीच. त्या जाड कापडाने माझ्या मशीनच्या सुया मोडल्या आणि मी तोंडाचा पट्टा सोडला, तो सगळ्या बिल्डिंगने ऐकला. ह्यांना ती गाडी जशीच्या तशी जुनी करायचीच नव्हती. "म्युझियममध्ये ठेवायची आहे का? आपल्या रस्त्यावर चालली पाहिजे," असं म्हणायचे. म्हणून तिला इथल्याच एका छोट्या गाडीचा पंखा बसवला, ट्रॅफिकमध्ये तापू नये म्हणून. वायरी सगळ्या नव्या. आणि ड्रायव्हरच्या सीटखाली चांगला चार बोटं उंचीचा लाकडी ठोकळा, कारण माझी उंची बेताची. "मला कशाला? मी थोडीच चालवणारे ही?" मी म्हटलं. आमची रोजची गाडी मीच चालवते. हे शेजारी बसतात आणि रिकाम्या जागेत पाय दाबून ब्रेक मारतात. ते म्हणाले, "असू दे. कधी लागलं तर."

लागणार होतं. एकदा मी त्यांना बॅटरी धरून उजेड देत होते आणि ते बोल्टवर नट बसवत होते. साधं काम, जन्मभर केलेलं. पण नट आट्यावर बसेचना. उजवा हात थरथरत होता, आपला आपणच, जसा काही त्यांचा नव्हताच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी दुसरीकडे पाहिलं. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. औषधाने सावरेल, पण जाणार नाही. आणि गाडी चालवणं आता बंद. हे फक्त "बरं" म्हणाले.

मला त्या विलायती डब्याचं काही सोयरसुतक नव्हतं. पण एक गोष्ट मला लख्ख दिसत होती. ह्या माणसाने पाना खाली ठेवला तर तो खुर्चीत बसून भिंतीकडे बघत राहणार, आणि मग हाताच्या आधी माणूसच जाणार. माझी भीती ती होती. म्हणून मी ब्लाऊजची कामं कमी घेतली आणि दुपारी त्यांच्याबरोबर पार्किंगमध्ये उतरायला लागले. हे सांगायचे, मी करायचे. भांडत भांडत, पण काम पुढे सरकत होतं.

मग दसरा आला.

कारखान्यात खंडेनवमीला मशिनी धुऊनपुसून पूजा व्हायची. तीच रीत ह्यांनी घरी चालू ठेवलेली. देवापुढे मोठी परात, तिच्यात नट आवळायचे पाने, कानशी, मायक्रोमीटर, माझी कातर आणि टेप. ह्यांचा आणखी एक नेम आहे, तो मी दुसऱ्या कुणाकडे बघितला नाही. हातातलं अर्धवट कामही पूजेत ठेवायचं. "काम कुठे अडलंय ते त्यालाही कळू दे ना," असं म्हणतात. त्या वर्षी कार्ब्युरेटर अडले होते. इंजिनाला हवा आणि पेट्रोल मिसळून पाजणारी ही भांडी आमच्या गाडीला दोन, आणि दोन्हींत एकेक पितळी सुई, करंगळीएवढ्या लांबीची, टोकाकडे निमुळती होत गेलेली. सुई जितकी वर येते तितकं पेट्रोल आत जातं. मूळच्या सुया इथल्या पेट्रोलला जुळेनात म्हणून ह्यांनी दोन्ही स्वतः घडवल्या होत्या, हात धड होता तेव्हा. विकत मिळणाऱ्या सुया नव्हत्या त्या. ह्यांच्या चांगल्या हाताचं ते शेवटचं काम.

त्या दोन्ही सुया परातीत गेल्या. वर हळदकुंकू, अक्षता आणि झेंडू, तोही ढीगभर, कारण ह्यांना पूजा भरगच्च लागते. दसऱ्याला सकाळी आरती झाल्यावर ह्यांनीच निर्माल्य पिशवीत भरलं. ते काम ते कुणाला करू देत नाहीत. तलावाकाठच्या निर्माल्य कलशात टाकून आले, आपट्याची पानं वाटून आले, श्रीखंड-पुरी जेवून झोपले. संध्याकाळी हत्यारं पुसायला बसले आणि मला हाक मारली, "अगं, सुई एकच आहे."

आम्ही फ्रिज सरकवला, देव्हारा हलवला, केरसुणीच्या काड्या विंचरल्या. मग दोघांच्याही एकदमच डोक्यात आलं. दसऱ्याच्या गर्दीत गाडी नको म्हणून रिक्षा करून तलावावर पोचलो तर कलश रिकामा, धुऊन पालथा घातलेला. तिथला माणूस म्हणाला, "ट्रक दुपारीच गेला, काका. त्याचं खत होतं आता." पितळेचं काय खत होणार! पण खताच्या कुठल्या डोंगरात शोधणार?

परत येताना हे मालवणीवर आले. मनाला फार लागलं की ह्यांची मुंबईची भाषा गळून पडते. "माझ्याच हातान गेली गो ती. फुलांत काय लागता ता कळलाच नाय माका." मी म्हटलं, जाऊ दे, साकीनाक्याला गल्लीगल्लीत लेथ आहेत, एकीवरून दुसरी करून आणू. तर नाही! "दुसऱ्याच्या हातची सुई माका नको. माका जमाचा नाय, मग रवांदे." सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते ह्यांना बघूनच म्हणत असावेत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडीवर कव्हर घातलं, चारी कोपरे नीट बांधले आणि खुर्चीत येऊन बसले. मी ज्याला भीत होते तेच समोर आलं. दिवाळी आली, गेली. टीव्ही लावला तर बघायचे, बंद केला तरी तिकडेच बघत बसायचे. मी चिडले, रडले, अबोला धरला. कशालाही दाद नाही.

शेवटी मी एकटीच साकीनाक्याला गेले आणि बारीक पितळी सळ्या घेऊन आले. जेवणं झाल्यावर पार्किंगमध्ये ड्रिल मशीन शिकंज्यात आडवं आवळलं, ड्रिलच्या तोंडात सळई बसवली, बटण दाबलं आणि फिरत्या सळईवर पॉलिशपेपर धरला. उरलेली सुई नमुन्याला समोर होतीच. कसं करतात ते मी पाहिलं होतं. पाहणं आणि करणं यात काय अंतर असतं ते लगेच कळलं. सळई कर्कश ओरडायला लागली.

वरून, खिडकीतून आवाज आला, "दाबू नको!"

मी आणखी दाबलं.

"अगं, किंचाळतेय ती! ऐकू येत नाही तुला? दाबू नको म्हणतो ना!"

"मग खाली येऊन सांगा!" मी वर बघून ओरडले. "खिडकीतून कसली मास्तरकी करताय!"

आले. बनियन आणि पायजम्यावर, चष्मा कपाळावर चढवलेला, तणतणत. माझ्या हातावरून हात धरून दाखवायला गेले, त्यांचा हात थरथरला, सळई वाकली. मग त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि म्हणाले, "मी नुसता बोलतो. तू कर."

तसंच केलं. पुढची सुई माझ्याकडून इतकी बारीक झाली की ते म्हणाले, "सुई सांगितली होती, तू दातकोरणं केलंस." त्याच्या पुढची मधेच फुगली. ह्यांचे कान ड्रिलकडे आणि माझे डोळे सळईकडे. मायक्रोमीटर, म्हणजे केसाएवढी जाडी मोजायचा तो चिमटा, मी धरायचे आणि आकडा ते वाचायचे. धरणं त्यांना जमत नव्हतं, वाचणं मला. एकदा म्हणाले, "डोळे मिट. दोन बोटांत घे नि वरून खाली फिरव. रुबियाचं कापड आणि पॉपलीनचं ओळखतेस ना अंधारात? तसं बघ." मी बोटं फिरवली आणि खरंच, एका जागी खडा लागल्यासारखं जाणवलं. "इथे," मी म्हटलं. "तिथेच," ते म्हणाले. इतकं बरं वाटलं मला, काय सांगू! ह्या वयात कोणी शाबासकी देतं का?

बऱ्याच सळ्या वाया गेल्यावर एक सुई बरोबर उतरली. कार्ब्युरेटरच्या पितळी नळीत सोडली तर जुनीइतकीच खाली गेली आणि थांबली. ह्यांनी दोन्ही सुया तळहातावर घेतल्या, मुठीत हलवल्या आणि हात माझ्यापुढे उघडला. "ओळख. तुझी कुठली?" त्या थरथरत्या तळहातावर सुया एकमेकींवर टिकटिक वाजत होत्या. मला ओळखता आली नाही. त्यांनाही नाही. मी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि वॉचमनसमोर मनसोक्त रडले.

इंजिन काही पहिल्या किल्लीला चालू झालं नाही. आधी शिंकलं, मग धूर सोडला. सोसायटीचे सेक्रेटरी तक्रार करायला आले आणि गाडी बघत तिथेच उभे राहिले. हे रबरी नळीचं एक टोक कानात घालून दुसरं आधी एका कार्ब्युरेटरला लावायचे, मग दुसऱ्याला. दोन्हींचा श्वास सारखा येईपर्यंत मी स्क्रू पिळत होते. "थोडा उजवीकडे. जास्त झाला. हां, आता बोलतायत दोघं सारखे." आणि इंजिनाने सूर धरला. बिल्डिंगची पोरंटोरं टाळ्या वाजवायला लागली.

पुढच्या रविवारी सकाळी आम्ही तिला गल्लीत काढली. मी ठोकळ्यावरच्या सीटवर, हे डावीकडे. निघायच्या आधी त्यांनी गिअरच्या दांड्यावर हात ठेवला. दोन सीटांच्या मधोमध आहे तो, त्यांच्या उजव्या हाताशी. म्हणाले, "क्लच तू, गिअर मी."

"डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"चालवू नको सांगितलंय. तू चालवतेस की."

ह्यांच्याशी वाद घालून कोण जिंकलंय? मी क्लच दाबून "हां" म्हणायचं, ते गिअर टाकणार. पहिल्यांदा करकर आवाज झाला आणि मी ओरडले, "अहो, वाट लावाल!" दुसऱ्यांदा लोण्यात सुरी जावी तसा पडला. पुढे तर मी "हां" म्हणायच्या आतच त्यांना कळायचं. गल्ली संपली, भाजीवाल्यांच्या गाड्या मागे पडल्या, वारा थेट तोंडावर. हे जोरात हसत होते. मी किती दिवसांनी तो आवाज ऐकत होते!

मोठ्या रस्त्याच्या सिग्नलला थांबलो. उभ्या उभ्या ती गाडी फार हलते. आरसा हलत होता, काच हलत होती, स्टिअरिंगवर माझ्या बांगड्या किणकिणत होत्या. त्यांचा हात गिअरवरच होता. मी माझा हात त्यावर ठेवला.

"बघ गो," ते म्हणाले. "सगळाच थरथरता. माझो एकट्याचोच हात नाय."

सिग्नल सुटला. मी क्लच दाबला आणि म्हटलं, "हां."