पाहण्यासारखं काही

सिद्धारामचं भांड्यांचं दुकान सोलापूरच्या मंगळवार पेठेत होतं, पण त्याला दुकानापेक्षा पाहुणे जास्त आवडत. पाहुणा आला की दुकान नोकराच्या हवाली आणि सिद्धाराम टांग्यात. भुईकोट किल्ला, तळ्यातलं सिद्धेश्वराचं देऊळ, इंद्रभुवनची इमारत, कंबर तलावातली कमळं, हे सगळं आपणच रात्री जागून बांधून घेतलं असावं अशा थाटात तो दाखवी. त्याच्या बायकोला, महानंदाला, या वेडाची लग्न झाल्यापासून चीड होती. किल्ल्यात चढायचं, पडक्या तटाला हात लावून ‘केवढी रुंद भिंत’ म्हणायचं आणि उतरायचं. भिंत रुंदच असते, त्यात बघायचं काय? दुपारी तीच माणसं भुकेनं कासावीस होऊन तिच्या दारात उभी राहत. तव्यावरच्या भाकरीला मात्र कुणी ‘केवढी रुंद’ म्हणत नसे.

पंच्याहत्तर साली त्यांच्या गिरिजाला बघायला पुण्याहून माणसं आली, तेव्हाही सिद्धारामला आधी किल्लाच आठवला. मुलगी दुपारनंतर बघा, सकाळ मोकळी आहे, गाव तर बघाल, असं म्हणून त्यानं ओळखीचा दस्तगीर टांगेवाला दारात आणूनच उभा केला.

पाहुणे मूळचे जवळच्या वळसंगचे. मुलाचे वडील बसप्पा पुण्यात कापडाच्या धंद्यात वर आले तसे बसवराज झाले, आणि त्यांची बायको निंगव्वा नीलाताई झाली. महानंदाचं माहेरही वळसंगचंच. ही निंगव्वा विहिरीवरच्या भांडणात सगळ्यांपेक्षा मोठ्यानं ओरडायची, हे तिला चांगलं आठवत होतं. आता ती ओठ न हलवता बोलत होती आणि तिच्या नाकाला दर दहा पावलांवर रुमाल लागत होता. सोबतीला बाईमाणूस हवं म्हणून तिनं महानंदाला टांग्यात घेतलं. स्वयंपाक जावेवर आणि गिरिजावर टाकून महानंदा निघाली. इतक्या वर्षांत नवऱ्याबरोबर गाव बघायला ती पहिल्यांदाच जात होती, तेही परक्या बाईची सोबत म्हणून.

किल्ला नीलाताईंनी खालूनच बघितला. शनिवारवाड्याला निदान दरवाजा तरी आहे, म्हणाल्या. मुलगा टांग्यातून उतरलाच नाही. त्याला काही विचारलं की उत्तर आई देई आणि तो मान हलवी. बसवराज घड्याळ बघत होते. एकटा सिद्धाराम घाम पुसत बुरूज दाखवत होता, अमुक राजानं हे बांधलं, तमुक राजानं ते पाडलं. ऐकणारं कुणी नाही हे दस्तगीरच्या घोड्याच्याही लक्षात आलं असावं, ते चालू पडलं.

देवळात जाताना तळ्यावरच्या वाटेवर नीलाताई थांबल्या. पाण्यावर हिरवी साय आली होती. तिच्याकडे बघत त्या महानंदाला म्हणाल्या, “गिरिजा आमच्याकडे आली, की तिला इकडं धाडायचं तरी कशाला? येऊन बघायला इथं आहे काय? पहिल्या सणाला येईल, तेवढं पुरे. बाळंतपणं आमच्याकडेच, चांगल्या दवाखान्यात. तुम्हीच या वर्षातून एकदा, पुणं बघायला.”

हे त्या इतक्या गोडीनं म्हणाल्या, की महानंदाला आधी वाटलं आपणच वाकडं ऐकलं. पण नाही. लेक जाणार होती ती परत यायला नव्हे, आणि का, तर या गावात बघायला काही नाही. सिद्धेश्वरापुढे तिनं हात जोडले, मागितलं मात्र काही नाही. पुजाऱ्यानं दिलेलं तीर्थ नीलाताईंनी हळूच खांबामागे ओतलं, तेही तिनं बघून ठेवलं.

घरी आल्यावर तिनं नवऱ्याला न्हाणीघराजवळ गाठून कानडीत सगळं सांगितलं. सिद्धाराम म्हणाला, कंबर तलाव राहिला म्हणून त्या तसं म्हणाल्या असतील, कमळं बघितली की मत बदललं असतं. या माणसाबरोबर आपण आयुष्य काढलं याचं महानंदाला त्या क्षणी खरंच नवल वाटलं.

जेवणं झाली. शेंगाचटणी पाहुण्यांनी दोनदा घेतली आणि तिखट आहे म्हणून नावंही ठेवली. गिरिजाला बघितलं, स्वेटर विणता येतो का विचारलं, पायांची बोटं बघितली. मुलगी पसंत दिसत होती. पुण्याला जाऊन कळवतो, असं म्हणून ते उठले. आत चुलीपाशी गिरिजानं विचारलं, “अव्वा, तिथून येऊ देतील न्हवं?” महानंदानं चुलीतली लाकडं मागं ओढली. पुण्याहून पत्र आलं की नवऱ्याकडून नकार लिहून घ्यायचा, एवढं तिनं मनाशी ठरवलं होतं.

पत्रापर्यंत गोष्ट गेलीच नाही. गाव बघून निघालेल्या पाहुण्याच्या अंगावर सोलापुरी चादर टाकायची आणि हातात नारळ द्यायचा, ही सिद्धारामची जुनी खोड. टांगा दारात आला आणि त्याच्या हातांनी डोक्याला न विचारता काम केलं. बसवराजांच्या खांद्यावर चादर पडली, हातात नारळ गेला. आणि मग सगळ्यांच्या नजरा त्या चादरीवर गेल्या. कारण या दोन्ही घराण्यांत सोयरीक ठरते ती अशीच. मुलीचा बाप मुलाच्या बापाच्या खांद्यावर वस्त्र टाकतो, नारळ देतो आणि समोरच्यानं ते घेतलं, की मुलगी दिली. मग माघार नाही.

बसवराजांनी चादर खांद्यावर नीट केली. “म्हणजे तुम्ही ठरवूनच टाकलंत की,” ते म्हणाले. त्यांना बरंच वाटलेलं दिसत होतं. शेजारच्या बायका कट्ट्यावर आल्याच होत्या. सिद्धारामनं आधी तोंड उघडलं, मग हसला, आणि हे आपण मुद्दामच केलं अशा चेहऱ्यानं उभा राहिला.

महानंदा आत गेली. कपाटातून तसलीच दुसरी चादर काढली, देवापुढचा नारळ उचलला आणि बाहेर येऊन सरळ टांग्याकडे गेली. दस्तगीर लगाम धरून बसला होता. तिनं चादर त्याच्या खांद्यावर टाकली आणि नारळ त्याच्या मांडीवर ठेवला.

“अम्मा, ये कायकू?” तो गांगरला.

“आमच्या मालकांची रीतच हाय ही,” महानंदा कट्ट्यापर्यंत ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली. “गाव बघून निघालेल्याला चादर आणि नारळ. तू सकाळपासून ह्यांच्यासंगं सगळं बघितलंस की.”

“मैं तो रोज देखतूं, अम्मा.”

“मग रोजचं मिळून हे एकच घे.”

कट्ट्यावरची एक बाई फिस्सकन हसली. महानंदा बसवराजांकडे वळली. “तुम्ही सोयरिकीचं समजलात व्हय? सोयरिकीचं वस्त्र कुणी असं रस्त्यात देतं का? हे आपलं गाव बघितल्याचं. किल्ला न्हाई चढलात, तरी दिलंय.”

नीलाताईंचे ओठ आता हलले. टांगेवाल्याच्या पंगतीला बसवायला आणलं होतं का आम्हाला, हे त्यांनी वळसंगच्या विहिरीवरच्या आवाजात विचारलं, तेही कानडीत. बसवराजांनी चादर काढून कट्ट्यावर टाकली, नारळ तिच्यावर ठेवला. मुलगा आईकडे बघत होता. दुसरा टांगा मिळेना आणि गाडीची वेळ झालेली, म्हणून तिघं चढले ते दस्तगीरच्याच टांग्यात. दस्तगीरनं चादर काढली नाही. भर उन्हात ती पांघरून, ताठ बसून, तो त्यांना स्टेशनाकडे घेऊन गेला.

सिद्धाराम कट्ट्यावर मटकन बसला. आपल्या दारातून आजवर पाहुणा रागानं गेला नव्हता, म्हणाला. पुण्याचं घर हातचं घालवलंस, आता जातभर बोभाटा होईल, पोरीला कोण विचारेल. बराच वेळ तो हेच उलटसुलट बोलत राहिला आणि महानंदानं त्याला बोलू दिलं.

मग ती म्हणाली, “नाव ठेवायचं तर मला ठेवू देत. पण पोरगी अशा घरी देईन, जिथनं ती चार दिवस राहायला येईल. इथं बघायला काही नसलं तरी.”

दारात गिरिजा उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं, आणि ती रडत नव्हती. महानंदानं तिला पाहुण्यांची ताटं घासायला लावली आणि नवऱ्याला दुकानावर पाठवलं.