पाचवीचा कोरा कागद

माझी लेक तीन दिवस जगली. बारामतीच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत होती आणि तिथूनच गेली. तान्ह्या बाळाला अग्नी देत नाहीत. घरच्या पुरुषांनी पणदऱ्याला आमच्या उसाच्या बांधाकडेला तिला मातीत ठेवलं. आईने तिथे जायचं नसतं म्हणे. एरवी असल्या ‘नसतं’वर मी तुटून पडले असते. त्या दिवशी गप्प राहिले, आणि ते मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

दुसरी चूक त्याहून मोठी. वडिलांनी छापलेल्या अंधश्रद्धाविरोधी पत्रकांच्या घड्या घालत मी वाढले. पाचवीला पाटा मांडायचा, कोरा कागद आणि पेन ठेवायचं, मग सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहिते, या समजुतीविरुद्ध तर मी स्वतः एक पत्रक लिहिलं होतं. दवाखान्यातून घरी आले तो नेमका पाचवा दिवस. छातीला दूध आलं होतं आणि प्यायला कुणी नव्हतं. आत येऊन बघते तर सासूबाईंनी, त्यांना मी आत्या म्हणते, कोपऱ्यात पाटा मांडलेला. त्यावर कोरा कागद, पेन.

“आता काय लिहिणार आहे ती? मेलेल्या पोरीचं नशीब?” असं ओरडून मी कागद फाडला. आत्यांनी तुकडे वेचले. त्यानंतर वर्षभर आमचं बोलणं कामापुरतंच राहिलं.

पुढच्या मार्गशीर्षात त्यांना कालव्याकाठच्या सटवाईला जायचं होतं. नवऱ्याची लोणी देवकरच्या कारखान्यात पहिली पाळी, म्हणून स्कूटीवर मलाच न्यावं लागलं. मी रागात गाडी हाणत होते. मागून आवाज आला, “जरा हळू गं. मला सटवाईला भेटायचंय, यमाला न्हाई!” वर्षभरात पहिल्यांदा हसू आलं, पण मी ते दाखवलं नाही.

लिंबाखाली शेंदूर लावलेले दगड होते. मी लांबच उभी राहणार होते. तिथे मेंढरं राखणारी एक अनोळखी म्हातारी टेकली होती. तिने आत्यांना विचारलं, “लेकरं किती?”

“दोन. एक हाय. एक पाळण्यातच गेला.”

लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि मला हे माहीतच नव्हतं.

म्हातारी माझ्याकडे वळली. “आन् तुला गं?”

‘नाही’ हे उत्तर मला पाठ झालं होतं. पण तोंडातून निघालं, “एक मुलगी. गेली.”

“नाव काय व्हतं तिचं?”

हे मला कुणी विचारलंच नव्हतं. बारशाआधी गेलेल्या बाळाला नाव नसतं. मी मात्र ते मनात ठरवून ठेवलं होतं, नवऱ्यालाही न सांगता. “मुक्ता,” म्हणाले आणि तिथेच खाली बसले. वर्षभर अडलेलं रडू फुटलं. म्हातारीने पाठीवर हात फिरवला, “रड बाई,” म्हणाली आणि मेंढरांमागे निघून गेली. पुन्हा ती कधी दिसली नाही.

आत्या जवळ येऊन बसल्या. “नशीब लिवायला न्हवता ठेवला कागद. तुजी लेक येऊन गेली, येवढं तरी कुणी लिवावं. मला लिवता आलं असतं तर माज्या पोराचं मीच लिवलं असतं. तुला येतंय, म्हणून ठेवला व्हता.”

नशीब कुणी लिहितं, हे मला आजही पटत नाही. तरी त्या सकाळी मी हात जोडले. मागितलं काहीच नाही. सगळं आपल्यालाच कळतं हा हट्ट तेवढा तिथे ठेवला. त्या म्हातारीला कुणी पाठवलं होतं की ती आपसूक आली होती, याचा वाद मी घालत नाही. पाठवणारा असला तर मी त्याची ऋणी आहे, नसला तरी आहे.

पर्समधल्या वहीचं पान काढून मी त्यावर ‘मुक्ता’ लिहिलं. पाचवीला आत्या एवढंच तर मागत होत्या.

“माज्या गोविंदाचं बी लिव,” त्या म्हणाल्या. मी लिहिलं. त्यांनी पान हातात घेऊन न्याहाळलं. “ह्यात त्यो कुठला?”

मी त्यांचं बोट धरून त्याच्या नावावर ठेवलं. बराच वेळ त्यांनी ते उचललं नाही.