खडीच्या वाघिणीवरचा राजा

निंबखेड नावाला एक, पण वस्त्या दोन. नदीकाठी जुनी वस्ती, तिला म्हणायचं 'गाव'. माळावर रुळांकाठी दुसरी, तिला म्हणायचं 'स्टेशन'. इंग्रजांनी दौंडहून मनमाडकडे रूळ टाकले तेव्हा या माळावर त्यांनी स्टेशन बांधलं, मालधक्का बांधला, पाण्याची टाकी उभी केली, लाल विटांच्या खोल्यांची एक रांग उठवली आणि साहेबांना घाम गाळायला टेनिसचं मैदान केलं. पुढं साहेब गेले. मैदानावर बायका कुरडया वाळत घालू लागल्या. स्टेशनातल्या माणसांच्या घरात घड्याळ नसलं तरी अडत नसे. पॅसेंजर गेली की डाळ शिजायला टाकायची आणि मेल धडधडत गेली की पोरं झोपवायची.

जगभर नाटकं रात्री होतात. निंबखेड स्टेशनात नाटक भर दुपारी व्हायचं. गणपतीत, टळटळीत उन्हात! त्याला कारण होतं. रात्रभर गाड्यांची ये-जा; दुपारी जेवणानंतर तेवढे रूळ जरा डोळा लावायचे. मालधक्का म्हणजे रंगमंच. दगडी उंच ओटा, वर पत्रा, मागं पोत्यांची थप्पी. त्याच्यासमोर एक रूळ, धक्क्याची लाईन. ती ओलांडली की टेनिसचं मैदान आणि मैदानावर प्रेक्षक. उन्हानं नटांच्या तोंडचा सफेदा वितळायचा, राणीच्या भुवया गालावर यायच्या, पण हौस अशी की विचारू नका!

तरी एखादी चुकार मालगाडी दुपारीही यायचीच. तिच्यासाठी नियम ठरलेला होता: गाडी आली की पुतळा. जो जिथं, तो तिथं. एका साली खलनायकानं खंजीर उगारला आणि कोळशाची गाडी आली. ती सरेना! मरणारा बिचारा गुडघ्यावर बसून होता, त्याला शिंक आली. शिंकला, तर मैदानातून लोक ओरडले, "ए, पुतळा शिंकत न्हाई!"

नाटकं लिहायचे आणि बसवायचे मालधक्क्यावरचे क्लार्क विष्णुपंत. दर साली नवं नाटक. पण राजा, राणी आणि किल्ल्याला वेढा एवढं कायम. राजाच्या मागं भाला घेऊन उभा राहायचा, तेही कायम सहादेवच.

सहादेव स्टेशनात सांधेवाला होता. रुळांचे सांधे फिरवायचे आणि झेंडी दाखवायची, हे काम. माणूस देखणा, छाती कवाडासारखी, पण त्याचं बोलणं कुणी पुरतं ऐकलेलं नव्हतं. त्याचं वाक्य म्हणजे लांब पल्ल्याची गाडी. वाटेत कुणी ना कुणी साखळी ओढायचंच. घरात बायको चांगुणा त्याचं वाक्य पुरं करायची. सासुरवाडीला, देवळाली प्रवऱ्याला, सासरा कारभारी त्याला वाक्य सुरूच करू द्यायचा नाही. कारभारी मोठा ऊसवाला शेतकरी. तो म्हणायचा, "जावई झेंडी दावतो. झेंडीला कुठं त्वांड असतं?"

एकाहत्तर साली राजाचं काम करणाऱ्या पार्सलबाबूची बदली सोलापूरला झाली. विष्णुपंतांनी सगळ्यांचे आवाज तपासायला घेतले, तेवढ्यात पलीकडे इंजिन शंटिंगला आलं. वाफेच्या फुसफुसाटात कुणाचंच काही ऐकू येईना. मागून सहादेवनं नुसतं सांगितलं, "पंत, जरा दमा, इंजान जाऊ द्या." ते इंजिनाच्या आवाजाला फाडून पार टाकीपर्यंत गेलं.

विष्णुपंतांचा चष्माच खाली घसरला. "अरे, एवढा आवाज कुठं ठेवला होतास?"

"ठिवला न्हवता, पंत. कुणी इचारलाच न्हाई."

झालं! सहादेव राजा विक्रांतवर्मा झाला. पंतांनी बजावलं, "एक पानभर भाषण आहे. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत खणखणीत झालं पाहिजे. मध्येच तुटलं, तर पुढच्या वर्षी पुन्हा भाला!"

सहादेवला भाल्याची भीती नव्हती. त्याच्या मनात एकच होतं: एक पानभर बोलायचं, अख्ख्या निंबखेडासमोर, आणि कुणी मध्ये बोलायचं नाही! असं सुख त्याच्या जन्मात आलं नव्हतं. आखाडापासून तो ते भाषण म्हणत होता. शेळीची धार काढताना म्हणायचा, अंघोळीला म्हणायचा. चांगुणा भाकरी थापता थापता ऐकायची आणि तव्यावरची नजर न हलवता म्हणायची, "अवो, 'पर्वतही' ऱ्हायलं."

"व्हय की," म्हणून तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा.

नाटकाच्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरनं कारभारी आला. पेरूंची करंडी उतरवताच म्हणाला, "काय जावईबापू, राजा झालात म्हनं! किती वाक्यं हाईत?"

"मामा, लई..."

"लई म्हंजी दोन का तीन? चांगुणे, च्या टाक गं!"

दुपारी मैदान गच्च भरलं. पुढं पोरं, मग बाया, मग गावातली पागोटी. सहादेवच्या डोक्यावर बिस्किटाच्या डब्याचा मुकुट आणि पाठीवर पंतांनी स्टेशनातल्या जुन्या लाल झेंड्या जोडून शिवलेला झोकदार झगा. राणी होता हमाल छगन. मिशी काढली म्हणून आठवडाभर बायको त्याच्याशी बोलत नव्हती. दोन अंक झकास झाले. आता वेढा पडला. राजा ओट्याच्या कडेला आला, छाती भरली आणि गरजला, "ऐका, दिशांनो, कान देऊन ऐका!"

कारभाऱ्याचा पेरू तोंडाशीच थांबला.

आणि स्टेशनमास्तर धावत विंगेत आले. "विष्णुपंत, कंट्रोलचा फोन! धान्याची स्पेशल येतेय. खडीची मालगाडी धक्क्याच्या लाईनवर घ्यायची आहे."

"आत्ता? इथं? अहो, तुमच्या कंट्रोलला नाटक कळतं का?"

"त्यांना गाड्यासुद्धा कळत नाहीत, पण घ्यावी लागतेच ना!"

बोलेपर्यंत इंजिन आत आलं. पुतळा! राजाचे हात वर, राणीचा हात कपाळावर. मालगाडीच्या वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, एकामागून एक सरकत आल्या आणि नेहमीसारख्या निघून जाण्याऐवजी थांबल्या. इकडं नट, तिकडं प्रेक्षक, मध्ये मालगाडीची भिंत. स्पेशल येऊन जाईपर्यंत ती हलणार नव्हती.

पलीकडून आरडाओरडा सुरू झाला. "राजा कुठं गेला?" "खडी दिसतीय निस्ती!" त्यात कारभाऱ्याचा आवाज सगळ्यांच्या वर. "बघा! आमच्या जावयानं त्वांड उघाडलं आन् सरकारनं गाडी आडवी घातली!"

लोक हसले. ते हसू वाघिणींच्या वरून उडत येऊन सहादेवच्या कानात पडलं. हात वर धरून धरून त्याच्या खांद्याला कळ लागली होती. ओट्याच्या अगदी समोर खडीची एक उघडी, बुटकी वाघीण उभी होती. त्यानं झगा सावरला आणि घेतली उडी! खडीच्या ढिगावर चढून तो मैदानाकडे तोंड करून उभा राहिला.

"आला, आला! राजा आला!" मैदान उठून उभं राहिलं.

"सहादेव, खाली ये!" इकडून पंत.

"असाच ऱ्हा गड्या, फस क्लास दिसतोय!" छगन राणी.

सहादेवनं पहिल्यापासून सुरुवात केली. इंजिन पुढं वाफ सोडत होतं, म्हणून त्यानं आवाज दुप्पट चढवला. तेवढ्यात पलीकडच्या लाईनीवरून स्पेशल दणदणत गेली, म्हणून तिप्पट. "सैन्य पांगलं, मित्र पाठमोरे झाले, तरी हा विक्रांतवर्मा येथे एकटा उभा आहे. पर्वतही एकटाच उभा असतो! काळाला सांगा, वादळाला सांगा, मी येथून तसूभरही हलणार नाही!"

सिग्नलचा हात खाली पडला. इंजिननं शिट्टी दिली. आणि राजा हलला.

"उतर! अरे, उतर!" पंत ओट्यावरून धावत सुटले. पण सहादेव उतरेल कसा? अजून निम्मं भाषण बाकी होतं! जन्मात पहिल्यांदा कुणी त्याचं ऐकत होतं. तो बोलत राहिला. प्रेक्षक गाडीबरोबर चालू लागले, मग पळू लागले. पोरं पळाली, धोतरं पळाली, चांगुणा पदर खोचून सगळ्यांच्या पुढं. "ऐकतोय आमी! बोला, बोला!" मागून पेरूची करंडी काखेत मारून कारभारीही धापा टाकत येत होता. मैदान संपलं, तारेचं कुंपण आलं, लोक कुंपणाला अडकले. राजा झगा फडकवत, हातवारे करत वळणाआड निघून गेला.

गाडीच्या शेपटाला गार्ड निवांत पान जुळवत होता. वळणावर त्याची नजर पुढं गेली आणि त्याला दिसलं, एका वाघिणीवर लालभडक कापड जोरजोरात हलतंय. लाल! त्यानं पान टाकलं आणि ब्रेक दाबला. गाडी फाटकापाशी कचकचत उभी राहिली. फाटकात दोन बैलगाड्या आणि शेळ्या भरलेला एक टेम्पो खोळंबला होता. त्यातल्या माणसांनी खडीच्या ढिगावरचा राजा पाहून हात जोडले.

गार्ड धावत आला. "कोण रे तू?"

"हा शब्द..." राजानं सुरू केलं.

"शब्द गेला खड्ड्यात! आधी खाली उतर!"

इथंही तेच! सहादेव मुकाट्यानं उतरला. गार्डनं त्याला आपादमस्तक पाहिलं, मुकुट पाहिला आणि त्याला हसू फुटलं ते आवरेना. तो पोट धरून परत ब्रेकव्हॅनकडे गेला. मालगाडी निघून गेली.

टेम्पोवाला म्हणाला, "महाराज, कुठं सोडू?" महाराज शेळ्यांमध्ये उभे राहिले आणि राजधानीला परतले.

स्टेशनात कुणीही घरी गेलं नव्हतं. मैदान पुन्हा भरलं होतं आणि धक्क्यावर छगन राणी कपाळावर हात ठेवून उभी होती. हात दुखला की बदलत होती. टेम्पो दिसताच शिट्ट्यांचा पाऊस पडला. पंतांनी सहादेवला दोन्ही हातांनी ओट्यावर ओढून घेतलं. "आता एकदम पहिल्यापासून! लाईन मोकळी आहे, मास्तरांनी शपथ घेतलीय!"

सहादेव कडेला आला, छाती भरली, तोंड उघडलं... आणि आतून नुसती हवा आली. पुन्हा प्रयत्न केला, तर उंदीर चिरडावा तसा 'चीं' झाला. दोन गाड्यांवर मात करता करता सगळा आवाज खर्ची पडला होता.

मैदानात कुजबूज सुरू झाली. कारभारी मांडीवर थाप मारून म्हणाला, "म्या काय सांगत हुतो? मुका राजा!"

सहादेवचे डोळे भरून आले. पंतांनी मान खाली घातली.

तेव्हा बायांच्या घोळक्यातून चांगुणा उठली. पदर डोक्यावर नीट घेतला आणि तव्याकडे बघितल्यासारखी समोर बघत म्हणाली, "ऐका, दिशांनो, कान देऊन ऐका!"

मैदानाला भोवळ आली. निंबखेडाच्या नाटकात आजवर बाईमाणूस बोललं नव्हतं. राणीसुद्धा छगनच असायची! शेजारणीनं तिचं लुगडं ओढलं, तिनं ते सोडवून घेतलं. "किल्ल्याला येढा पडला, सैन्य पांगलं, मित्र पाठमोरं झालं..." ओट्यावर सहादेव क्षणभर बावचळला. मग त्याचे हात उठले. शब्द मैदानातून येत होते आणि हात धक्क्यावरून. "पर्वतबी येकटाच हुबा असतो!" म्हणताना तिचा आवाज असा चढला की टाकीवरची कबुतरं उडाली.

"चांगुणे!" कारभारी उठला. "आगं, खाली बस! चार मान्सांत..."

सहादेवनं सासऱ्याकडे पाहिलं आणि उजवा हात सरळ वर केला. भरधाव गाडी थांबवताना करतो तसा. कारभाऱ्याचं वाक्य जागच्या जागी थांबलं. तो आपण का बसतोय हे न कळताच खाली बसला.

चांगुणा पुढं निघाली ती थांबलीच नाही. "राज्य गेलं तरी चालंल, पर या दारातून कुनी उपाशी जानार न्हाई! हा शब्द राजाचा न्हवं, मान्साचा हाय!" शेवटचं अक्षर झालं आणि मैदानावर टाळ्या सुटल्या. सर्वांत जोरात टाळ्या वाजवत होता राजा. मुकुट कानावर आला होता आणि तो नाचत, उड्या मारत टाळ्या पिटत होता.

"अरे, राजानं स्वतःला टाळ्या वाजवायच्या नसतात!" पंत विंगेतून ओरडले. "छगन, राणीचं वाक्य घे!"

छगननं पदरानं नाक पुसलं. "पंत, दमा जरा. मला रडू आलंय."

उरलेला अंक तसाच झाला. राजाची वाक्यं मैदानातून, हात धक्क्यावरून. शेवटी वेढा घालणाऱ्या शत्रूंनाच कळेना की घेरायचं कुणाला!

संध्याकाळी कारभारी परतीच्या पॅसेंजरसाठी फलाटावर आला. चांगुणा त्याच्या रिकाम्या करंडीत कुरडया भरत होती. सहादेव तोंडाचा सफेदा पुसत बाजूला उभा होता. कारभारी दोनदा खाकरला, पागोटं सारखं केलं.

"जावईबापू, औंदा ऊस फॅक्टरीला घालावा का गुऱ्हाळ लावावं? तुमचं मत काय?"

चांगुणेनं तोंड उघडलं, तसं त्यानं तिला हातानं गप्प केलं. "तुला न्हाई इचारलं. त्येंला बोलू दे."

सहादेवचा आवाज अजून आलेला नव्हता. तो सासऱ्याच्या कानाशी वाकला आणि कुजबुजू लागला. त्याला बरंच सांगायचं होतं. फॅक्टरीचं सांगितलं, गुऱ्हाळाचं सांगितलं, पाटाच्या पाण्याचं सांगितलं. मग शेळीचंही थोडं सांगितलं. गाडी आली, माणसं चढली-उतरली, गार्डनं हिरवी झेंडी दाखवली. कारभारी कानामागं तळहात धरून, डोळे मिटून, वाकून उभाच होता.

"आबा, गाडी सुटली की!" चांगुणा ओरडली.

"सुटू दे," कारभारी म्हणाला. "ह्येंचं अजून व्हायचं हाय."